अर्धी चावी

८ डिसेंबर

अमरनाथ,

हे माफीचं पत्र नाही. आधीच सांगून ठेवते, म्हणजे तू ओळींमध्ये माफी शोधत बसणार नाहीस. हे कामाचं पत्र आहे. अप्पांची जीप सकाळी चालू होत नाही.

एवढं वाक्य लिहायला मला चार दिवस लागले. कारण मार्चमध्ये तू अंगणात उभा राहून काय म्हणालास ते मला अजून पाठ आहे. "अक्का, ही गाडी पुढचा हिवाळा काढणार नाही. भंगारवाला दारात आलाय, देऊन टाक." मी काय केलं तेही पाठ आहे. भंगारवाल्याच्या देखत चावी घेतली आणि गाडी मारुतीच्या पारापर्यंत नेली. पहिल्याच गिअरमध्ये नेली, दुसरा सापडला नाही म्हणून. पण नेली. दुसऱ्या दिवशी तू बॅग भरून गेलास.

तर आता हिवाळा आलाय. सकाळी सात डिग्री असतं. हसू नकोस. तुझ्या लडाखात सात डिग्रीला लोक बनियनवर फिरत असतील, आम्ही इथं कानटोपीतून डोळेसुद्धा बाहेर काढत नाही.

फोन का केला नाही म्हणशील, तर तू माझा उचलत नाहीस. रविवारी अव्वाला तुझा फोन येतो, दोन मिनिटांत तुटतो, आणि ती दोन मिनिटं "जेवलास का" आणि "टोपी घातलीस का" यात जातात. मध्ये जीप घुसवायला जागा नसते. आणि अव्वाकडून विचारवलं असतं तर तू उत्तर अव्वाला दिलं असतंस, मला नाही.

सोळा वर्षं तू तिकडे बर्फ हटवायच्या गाड्या चालवतोस. घरात दुसरं कोणाला विचारू?

अडचण अशी. जूनपासून मी गावातल्या अकरा पोरींना शिरूर अनंतपाळच्या शाळेत नेते-आणते. बसची वेळ सकाळच्या शाळेशी जुळत नाही, आणि मलप्पाच्या टेम्पोच्या टपावर बसवून पोरींना पाठवायला कोणी तयार नाही. साडेसहाला निघायचं असतं. हल्ली साडेसहाला सेल्फ नुसता कण्हतो, कण्हतो आणि झोपतो. मग अकरा पोरी दप्तरं आत टाकून गाडी ढकलतात. काल त्यांनी शाळेपेक्षा गाडी जास्त केली.

उदगीरहून दगडोबा मिस्त्रीला बोलावलं. तो दहाला आला. तोवर उन्हं अंगणभर पसरलेली. त्यानं चावी फिरवली, गाडी पहिल्या फटक्यात चालू. माझ्याकडं बघून म्हणाला, "ताई, गाडीला काय बी न्हाई झालं. तुमचा हात जड हाय."

काय करायचं तेवढं लिही. बाकी काही लिहायची गरज नाही.

मंजुश्री

ता. क. अव्वा विचारते, टोपी घातलीस का.


१९ डिसेंबर

अमरनाथ,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचायला बारा-तेरा दिवस लागतात म्हणे, त्यामुळे तुला दोष देत नाही. अजून तरी.

मध्यंतरी अव्वानं गाडी उपचाराला घेतली आहे.

तिचं म्हणणं, गाडीला थंडी भरली आहे, आणि थंडी भरलेल्या बाईचं काय करायचं ते तिला कोणी शिकवायला नको. तिनं गल्लीतल्या सतरा बाळंतिणी उठवल्यात. तर आठवडाभर बॉनेटवर वाकळ असते. तीच, तिच्या जुन्या लुगड्यांची, जिच्यासाठी तू आणि मी भांडायचो. पहाटे बॉनेटखाली बाळंतिणीच्या बाजेखाली ठेवतात तशी निखाऱ्यांची शेगडी. निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेपा. सगळं अंगण असं दरवळतं की येणारा-जाणारा विचारतो, कोणाला काय झालं? अव्वा शांतपणे म्हणते, "गाडी हाय."

मी म्हणाले, "अव्वा, डिझेलखाली निखारे? पेट घेईल."

"तुला जलम दिला तवा बी माझ्या बाजंखाली हीच शेगडी होती. तू पेटलीस का?"

तरी मी शेजारी पाण्याची बादली घेऊन बसते. बाळंतिणीशेजारी फायर ब्रिगेड.

एक गोष्ट खरी, वाकळीखाली ऊब टिकते. हे आमच्याआधी शेजारच्या धुरपताबाईच्या कोंबडीला कळलं. सोमवारी गाडी ढकलून, कशीबशी चालू करून आम्ही शाळेत पोचलो. प्रार्थना सुरू होती. जीपमधून असा आवाज यायला लागला की दोन ओळींतल्या पोरांनी डोळे उघडले. बॉनेट वर केलं, तर बॅटरीशेजारी कोंबडी! नऊ किलोमीटर बसून आलेली. ती उतरली, मैदानावरून सरळ मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली. जिवंत होती, एवढेच महादेवाचे उपकार.

संध्याकाळी धुरपताबाई दारात. "तुम्ही लोक तर खात न्हाई. मग नेली कशाला?"

लिंगायताच्या घरावर कोंबडीचोरीचा आळ, अमर. अप्पा असते तर दोन दिवस हसले असते. अव्वा मात्र हसली नाही. तिनं कोंबडी परत करताना तिला ओवा दिला, प्रवासात थंडी भरली असेल म्हणून.

तुला नीट कळावं म्हणून मी सकाळी काय-काय करते ते सांगते. आधी बॅटरीच्या वायरी घट्ट आहेत ना बघते. न्यूट्रल बघते. क्लच दाबते. चावी घालते आणि थेट पूर्ण फिरवते, नांदेडला ड्रायव्हिंग क्लासच्या कारवर शिकवलं होतं तसं. अप्पांसारखं नाटक करत बसत नाही. ते बसायचे, चावी अर्धीच फिरवायचे, महादेवाच्या फोटोसमोर अकरा वेळा "ओम नमः शिवाय" म्हणायचे, मग सेल्फ मारायचे. मागे बसून आम्हाला शाळेला उशीर व्हायचा. मी ते बंद केलं. एकतर वेळ नसतो. आणि दुसरं, मला ते म्हणताना आवाज लागत नाही. ते असो.

मंजुश्री


५ जानेवारी

अमर,

तुझी चिठ्ठी मिळाली. पत्र म्हणवत नाही, कारण वर नाव नाही आणि खाली सही नाही. गाडीच्या लॉगशीटच्या मागच्या बाजूला पाच कलमं लिहून पाठवलीत. तीन वेळा उलटसुलट करून बघितलं, पुढच्या बाजूला कुठं "अक्का" आहे का. पुढच्या बाजूला चौदाशे लिटर डिझेल होतं.

तरी आभार.

कलम एक, इंजिनाच्या चेंबरखाली निखारे ठेवणे. हे मी अव्वाला वाचून दाखवायला नको होतं. ती आता गल्लीभर सांगत फिरते, "मिल्ट्रीत बी माझंच औषध चालतं." तू मिल्ट्रीत नाहीस, रस्ते करणाऱ्यांत आहेस, हे मी दोनदा सांगितलं. तिनं ऐकलं नाही.

कलम दोन, डिझेलमध्ये रॉकेल मिसळणे, कारण तिकडं डिझेलचं तूप होतं. इथं होत नाही. इथं तुपाचंसुद्धा दहा वाजेपर्यंतच तूप राहतं, मग ते तेल होतं.

कलम तीन, रात्रभर दर दोन तासांनी गाडी चालू करणे. गावात राहायचंय मला.

कलम चार, रेडिएटरच्या पुढे पुठ्ठा लावणे. हे सोपं वाटलं. गल्लीतल्या समीक्षाच्या लग्नातल्या मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा घरात होता, तो तारेनं बांधला. ढकलून गाडी चालू झाली, आणि मग खरंच इंजिन लवकर तापलं. मी खूश. इतकी खूश, की पुठ्ठा विसरले.

दुपारी साडेबाराला शाळा सुटली तेव्हा बत्तीस डिग्री होतं. अमर, तुझ्या तिकडं सकाळी थंडी असली की दुपारीही थंडीच असते. आमच्याकडं सकाळी शेगडी आणि दुपारी ताक. चढावर बॉनेटमधून एकदम वाफ निघाली, सुसाट. नाझनीन किंचाळली, "मॅडम, गाडीला चहा आला!" पोरी उतरल्या. अर्धा तास थांबून, हाताला फडकं गुंडाळून मी झाकण सैल केलं, आणि अकरा बाटल्यांतलं पाणी एकेक करून आत ओतलं. वाफेत पुठ्ठ्यावरचे पेढे दिसत होते.

घरी पोचायला तीन वाजले. पारावर दयानंद उभा होता. ऋतुजाचा बाप. ऋतुजा दहावीला आहे, वर्गात पहिली येते आणि गाडीत पुढच्या सीटवर बसते, कारण मागे बसून तिला उलटी होते. दयानंद वाईट माणूस नाही. पोरीसाठी जीव टाकतो, म्हणूनच घाबरतो. म्हणाला, "मॅडम, सकाळी ढकलायला, दुपारी पाणी पाजायला. पोरगी शिकायला जाऊन राहिली का गाडी सांभाळायला? संक्रांतीपर्यंत बघतो. त्याच्यानंतर गाडी टायमाला निघाली न्हाई, तर ऋतुजा घरीच अभ्यास करंल."

घरी अभ्यास म्हणजे काय ते तुला आणि मला माहीत आहे. घरी दोन म्हशी आहेत, आणि लहान भाऊ आहे. ऋतुजाची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत. आणि ती थांबली की बाकी दहाजणींचे बाप काय करतील? एकमेकांकडे बघतील.

तू म्हणशील, मी सांगितलं होतं. म्हण. पण आधी कलम सहा लिही. तुझी पाचही कलमं गाडी चालू झाल्यावरची आहेत किंवा तुझ्या बर्फातली आहेत. (कलम पाच "उतारावर लावणे" असं आहे. आपलं गाव तुला आठवतं का? भाकरीसारखं सपाट आहे.) माझी गाडी सात डिग्रीला, सपाट अंगणात, पहिल्यांदा चालू कशी करायची?

पुठ्ठ्याचा दोष मी तुला देत नाही. काढायचा मीच विसरले.

अक्का

ता. क. "अक्का" खाली मी लिहिलं. वर "अक्का" लिहायचं काम तुझं आहे.


१५ जानेवारी

अमर,

काल संक्रांत. बाया वाण घेऊन येत होत्या आणि प्रत्येक बाई तिळगूळ हातात देऊन आधी अंगणातल्या जीपकडं बघत होती, आजाऱ्याला भेटायला आल्यासारखी. दयानंदची बायको हळूच म्हणाली, "उद्या नीट चालू करा वं ताई. ह्यांनी लई मनावर घेतलंय. सकाळी उभे राहणारेत इथं."

त्याच वेळी पोस्टमन आला. तुझी दुसरी चिठ्ठी. माझ्या एकोणीस डिसेंबरच्या पत्राचं उत्तर. यावेळी वर नाव होतं.

"अक्का, तू अर्धी चावी का बंद केलीस?"

मी तिथंच ओट्यावर बसले. हळदीकुंकवाचं ताट हातातच राहिलं.

अमर, चौतीस वर्षं ती गाडी आपल्या घरात आहे. चौतीस वर्षं मी समजत होते की अप्पा देवाचं करतात. अर्धी चावी म्हणजे हीटर, आणि हीटर म्हणजे इंजिनाच्या पोटातल्या चार सळ्या लाल व्हायच्या असतात, आणि त्याला वीस-पंचवीस सेकंद लागतात, आणि अकरा वेळा ओम नमः शिवाय म्हटलं की तेवढेच सेकंद होतात, हे मला कोण सांगणार? नांदेडची कार पेट्रोलची होती. दगडोबा उन्हात आला. आणि अप्पांनी सांगितलं ते तुला. तू पुढे बसायचास ना. अव्वा आणि मी मागे. मला मागून अप्पांची मान दिसायची आणि पुटपुटणं ऐकू यायचं. त्यावरून मी एवढंच ताडलं की माणूस भाविक आहे.

आणि फोटो! तू लिहितोस, "महादेवाचा फोटो हीटरच्या दिव्यावरच चिकटवलाय. तिसऱ्या डोळ्याला अप्पांनी सुईनं भोक पाडलंय. डोळा लाल झाला की सेल्फ मारायचा." अप्पा चिमटीनं भस्म लावायचे, ते डोळा सोडून लावत असतील. ते गेल्यापासून अव्वा लावते. अव्वाचं भस्म लावणं तुला माहीत आहे, गिलावा असतो. दहा महिन्यांत महादेवाचं कपाळ भिंतीसारखं झालं होतं. मी काल नखानं खरवडलं. अव्वा ओरडली, "देवाला काय ओरबाडतीस?" भोक सापडलं. इतकंसं.

आता आजची सकाळ.

सव्वासहालाच दयानंद हाताची घडी घालून दारात. अव्वानं वाकळ काढली, शेगडी ओढली, आणि बाळंतिणीला हळदीकुंकू लावतात तसं बॉनेटला लावलं. अकरा पोरी सवयीनं मागे ढकलायला उभ्या. मी म्हणाले, "आत बसा."

"ढकलायचं न्हाई?" नाझनीनला वाईटच वाटलं.

मी चावी अर्धी फिरवली. आणि तोंड उघडलं, अमर, आणि आवाज लागेना. मागून मान दिसणारा तो माणूस मला एकदम पुढून दिसला. मी तशीच बसले. चावी अर्धी, दयानंद घड्याळ बघतोय.

ऋतुजा शेजारून म्हणाली, "मॅडम, काय मोजायचं हाय का?"

मी मान हलवली. अकरा बोटं दाखवायला गेले, दहाच निघाली. मग कसंबसं सांगितलं, अकरा वेळा, सावकाश, आणि काय म्हणायचं ते. ऋतुजानं मागे वळून एका दमात वाटणी केली. प्रत्येकीनं एक. आणि पोरींनी सुरू केलं, एकेक करून, प्रार्थनेच्या आवाजात. नाझनीनची पाळी आली तेव्हा तिनं बिस्मिल्ला म्हटलं. हीटरला काही फरक पडला नाही. नवव्या पोरीला महादेवाचा डोळा लाल झाला. टाचणीच्या टोकाएवढा. अव्वा खिडकीतून डोकावत होती. ती म्हणाली, "उठला गं बाई!"

अकरावी झाली. मी पूर्ण चावी फिरवली.

चालू झाली. पहिल्या फटक्यात. काळा धूर निघाला तो सगळा दयानंदच्या धुतलेल्या शर्टावर. त्यानं घडी सोडली, धूर हातानं बाजूला केला, आणि म्हणाला, "हां. मग हे आधीच का न्हाई केलं?"

सहा तेहतीसला गावाबाहेर होतो. शाळेत पोचलो तर शिपायानं गेटसुद्धा उघडलं नव्हतं.

आता जे लिहायचं ते लिहिते, आजचा दिवस जायच्या आत.

मार्चमध्ये भंगारवाल्यासमोर, अर्ध्या गावासमोर मी तुला म्हणाले, "अप्पा गेले तेव्हा कुठं होतास? पाहुण्यानं घरातलं सामान विकू नये." खिंड बंद होती हे मला माहीत होतं. तू तीन दिवस खिंडीच्या पलीकडं बसून होतास, स्वतःच बर्फ काढत होतास, हेही माहीत होतं. अव्वाला सांगताना तू रडलास ते मी दाराआडून ऐकलं होतं. तरी म्हणाले. आणि तू गाडी का विकायला काढलीस तेही मला कळत होतं. अक्का एकटी, त्या खटाऱ्यात, कुठंतरी रस्त्यात अडकेल म्हणून. मी रागात होते. अप्पांवर, तुझ्यावर, मी सोडून आले त्या नांदेडच्या सासरावर, सगळ्यांवर एकदम. तू पहिला समोर आलास.

मला माफ कर.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं, हे माफीचं पत्र नाही. ते खरंच नव्हतं. हे आहे.

तुझ्या चिठ्ठीतली शेवटची ओळ मी अव्वाला वाचून दाखवलेली नाही. "मी इथं पंचवीस वेळा म्हणतो, थंडी जास्त म्हणून. बरोबरची पोरं समजतात मी लई भाविक आहे." ती मी माझ्याकडंच ठेवली आहे. रोज सकाळी चावी अर्धी फिरवताना आठवते. म्हणजे आज एकदाच आठवली, पण आता रोज आठवेल.

अक्का


२४ फेब्रुवारी

अमर,

पाच ओळींचं का होईना, पण हे पत्र होतं. वर नाव, खाली सही. माफीबद्दल तू एक शब्द लिहिला नाहीस, फक्त "हीटरच्या सळ्या बदलून घे, एक गेलेली असणार" एवढंच लिहिलंस. मला पोचलं.

बदलल्या. दगडोबानं तीन चांगल्या आणि एक काळीठिक्कर सळी हातावर ठेवून दाखवली आणि म्हणाला, "ताई, मी तवाच म्हणणार होतो." आता सातव्या पोरीलाच डोळा लाल होतो. उरलेल्या चौघी तक्रार करतात, त्यांची पाळी येत नाही. म्हणून पूर्ण अकरा होऊ देते.

खरं सांगायचं तर आता गरजही नाही. पहाटेसुद्धा अंगात घाम येतो. अव्वानं वाकळ धुऊन वाळत घातली आहे आणि शेगडी माळ्यावर ठेवली आहे, पुढच्या बाळंतिणीला. धुरपताबाईच्या कोंबडीला अजून सवय आहे, रोज सकाळी बॉनेटपाशी येऊन चौकशी करते.

ऋतुजाची परीक्षा सुरू झाली. पहिल्या पेपरला दयानंद स्वतः आला होता, मागे पोरींत अंग चोरून बसून. चावी अर्धी होती तेव्हा तोही पुटपुटत होता. मी आरशात बघितलं.

अप्पांच्या वर्षाला तुला सुट्टी मिळते आहे, उदगीर स्टेशनवर सकाळी उतरून बसनं गावाला येईन, असं लिहिलंस. बसनं यायचं नाही. मी जीप घेऊन येते. अव्वा येणार म्हणते, परतीला शाळेवरून पोरींनाही घ्यायचं आहे. सगळ्यांना "मिल्ट्रीतला मामा" बघायचाय. तू मिल्ट्रीत नाहीस हे मी आता कोणालाच सांगत नाही.

टोपी आणू नकोस. अडतीस डिग्री असेल.

आणि पुढची सीट ऋतुजाची आहे. तू अव्वाजवळ मागे बसायचंस. तिथून काय दिसतं ते एकदा बघ.

अक्का